नसलेलं नववं घर

द्राक्षांचे दिवस आले की नाशिककरांच्या चेहऱ्यावर एक मालकी हक्काचा आनंद दिसायला लागतो. ज्याच्या घरात कधी कुणी बाग लावली नाही, तोही पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना ऐटीत सांगतो, "आमच्याकडची खाऊन बघा." पहाटे स्वेटर घालून निघावं आणि दुपारी तोच स्वेटर डिकीत कोंबावा, असं ते हवामान. रस्त्याच्या कडेला छत्र्या लावून बसलेले विक्रेते. कॅरेटनी भरलेल्या पिकअप गाड्या आणि त्यांच्या मागे अडकलेली आपली दुचाकी. आणि दारात पिशवी घेऊन उभा असलेला कुणीतरी ओळखीचा, "घरच्या बागेतली आहेत हो, फवारणी अजिबात नाही," असं डोळ्यांत डोळे न घालता सांगणारा.

सगळ्यांना या दिवसांत गोड वाटतं. मला वैताग येतो. द्राक्षाचा मणी दाताखाली फुटला की मला आठवतो एक पडदा, त्यावर चौकोनी घरांची एक रांग, आणि त्या रांगेच्या शेवटी, जिथे काहीही असायला नको होतं तिथे, ऐटीत बसलेलं नववं घर.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कंपनीत काम करते. शीतगृहांचे कंट्रोलर आम्ही बनवतो आणि त्यांच्यातलं सॉफ्टवेअर मी लिहिते. नातेवाइकांना हे समजावून सांगायचा मी बरेच दिवस प्रयत्न केला. शेवटी मावशीने लग्नात माझी ओळख "ही फ्रिज दुरुस्त करते" अशी करून दिली, तेव्हा मी तो नाद सोडला.

तो हंगाम सायखेड्याच्या छायाताईंचा होता. नवरा बाग बघायचा, आणि तोडलेला माल निवडून, गार करून परदेशी पाठवणाऱ्याच्या हवाली करायचं सगळं काम छायाताईंकडे. त्यांनी शेडमध्ये नवीन गार खोली बांधली होती. सकाळी आणि दुपारी तोडलेली द्राक्षं तिच्यात ठेवून लवकरात लवकर थंड करायची, पण गोठू द्यायची नाहीत. या दोन गोष्टींमधलं अंतर फार थोडं असतं, आणि ते सांभाळायचं काम आमच्या कंट्रोलरचं. खोलीत आठ ठिकाणी तापमान मोजणारे सेन्सर लोंबत होते. आठांची सरासरी काढायची; ती चढली की गार करणारा कॉम्प्रेसर चालू, उतरली की बंद. सरासरीचा निर्णय आमचे मालक, देवरे सर, यांचा. सेन्सर वाचण्याचं कोड माझं.

फोन आला तो सरळ देवरे सरांना. छायाताईंचा आवाज मला टेबलापलीकडूनही ऐकू येत होता. "साहेब, माल काचेवानी झालाय! हात लावला की पाणी सुटतंय. मी लोकांना काय तोंड दाखवू?"

आम्ही दोघं लगेच निघालो. सकाळची वेळ, शेडमध्ये बायका जमिनीवर बसून छोट्या कात्र्यांनी घडांतले बारके मणी काढत होत्या. कडेला वाया गेलेल्या मालाची कॅरेट लावलेली, गार खोली बंद करून तिचं दार उघडं टाकलेलं. वरून हिरवी, सुंदर द्राक्षं. पण मण्याला बोट लावलं की तो दबून जायचा. छायाताई रागावलेल्या होत्या आणि रडायच्या बेतातही होत्या. दोन्ही एकदम करणाऱ्या माणसासमोर उभं राहणं फार अवघड असतं.

मी लॅपटॉप कंट्रोलरला जोडला आणि डीबगर सुरू केला. डीबगर म्हणजे चालत्या यंत्राच्या पोटात डोकावून कुठे काय साठलंय ते दाखवणारा प्रोग्रॅम. पडद्यावर सेन्सरची रांग उघडली. आठ घरं, आठांत जवळजवळ सारखे आकडे. आणि मग नववं घर. त्यात एक अवाढव्य आकडा, आणि तो बघता बघता वाढत होता.

देवरे सर माझ्या खांद्यावरून बघत होते. ते स्वतः जुने इंजिनिअर. त्यांनी एक लांब सुस्कारा सोडला.

"प्राजक्ता, रांग आठची आणि तू नऊपर्यंत जातेयस."

"नाही सर. मी आठच भरते."

"मग हे काय आहे?"

"ते मला माहीत नाही. पण मी आठच भरते."

"पहिल्या वर्षाची मुलं करतात ही चूक! एक घर पुढे गेलीस आणि तो कचरा सरासरीत घुसला. लोकांचा माल गेला इथे."

हे ते छायाताईंसमोर बोलले. कात्र्या चालवणाऱ्या बायकांचे हात थांबले. मला माझे कान गरम झालेले कळत होते.

खरं सांगायचं तर आमच्या धंद्यात ही सर्वांत जुनी आणि सर्वांत लाजिरवाणी चूक. आम्ही मोजायला शून्यापासून सुरुवात करतो. आठ घरांच्या रांगेतलं पहिलं घर शून्य क्रमांकाचं, शेवटचं सातव्या क्रमांकाचं. या सात आणि आठच्या फटीत भलेभले पाय घसरून पडले आहेत. म्हणून तर कुणी 'एकाने चुकली' म्हटलं की पुरावा मागायच्या आधीच सगळे माना डोलावतात. माझं कोड चार-पाच ओळींचं होतं. ते मी इतक्या वेळा वाचलं की त्या ओळींना अर्थच उरेना. शून्यापासून सातपर्यंत. प्रत्येक वेळी शून्यापासून सातपर्यंत. मी आठ आकड्यांची बेरीज केली, आठने भागली, पॅनेलवरच्या सरासरीशी ताडून पाहिली. तंतोतंत जुळली. नववा आकडा त्यात घुसला असता तर सरासरी आभाळाला भिडली असती.

"आत्ता जुळतेय," सर म्हणाले. "कधीतरी घुसत असेल."

या 'कधीतरी'ला उत्तर नसतं. कधीतरी काहीही होत असेल!

त्यांनी काम माझ्याकडून काढून घेतलं नाही, पण सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं की आजपासून प्राजक्ताचं प्रत्येक कोड दुसरं कुणीतरी तपासेल. जे तपासणार होते त्यांच्यातल्या दोघांना काम मीच शिकवलेलं. ते बिचारे माझ्याकडे न बघता माना खाली घालून बसले. त्यानंतरच्या दिवसांत ऑफिसात माझ्या पाठीमागे 'नववं घर' हा शब्द ऐकू यायला लागला. चहाचे कप मोजतानासुद्धा कुणीतरी म्हणायचं, "एक जास्त सांग रे," आणि हशा.

घरी परीक्षेचे दिवस. माझी मुलगी ईरा पुस्तक घेऊन समोर बसलेली. "आई, बाईंनी पान बारा ते वीस वाचायला सांगितलंय. म्हणजे आठच पानं."

"नऊ."

"विसातून बारा गेले आठ!"

"बारावं पानही वाचायचंय ना? मग नऊ."

"तू नेहमी एक वाढवतेस," ती पाय आपटत म्हणाली. मी कुकरचं झाकण इतक्या जोरात आपटलं की आतल्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, काय पडलं? माझं डोकं पडलं, मी म्हटलं.

पण त्या भांडणाने एक झालं. भांडी घासता घासता माझ्या मनात आलं, की ईरा आणि मी एकाच धड्याबद्दल बोलत होतो. धडा बदलला नव्हता. ती एका पद्धतीने मोजत होती, मी दुसऱ्या. मग माझा डीबगर जी नऊ घरं म्हणतोय, ती नऊ त्याला सांगितली कुणी?

इथे थोडं थांबून सांगायला हवं. यंत्राच्या स्मृतीत भिंती नसतात. एकापुढे एक घरं, अखंड. माझी रांग कुठे संपली आणि शेजारच्याची कुठे सुरू झाली, हे यंत्राला ठाऊकही नसतं आणि त्याची फिकीरही नसते. मी लिहिलेलं कोड यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर, आणि उतरवताना तो डीबगरसाठी वेगळं वर्णन लिहून ठेवतो: अमुक जागी एक रांग आहे, नाव हे, घरं या आकाराची, हद्द इथपर्यंत. डीबगर ते वर्णन वाचतो आणि त्याबरहुकूम चौकोन काढतो. म्हणजे पडद्यावर जी हद्द मला दिसते ती यंत्राची नाही. ती कंपायलरने सांगितलेली आणि डीबगरने ऐकलेली. आणि सांगणं-ऐकणं आलं की घोळ आलाच.

मी आमच्या प्रोग्रॅमचं ते वर्णन उलगडून काढलं. आम्ही नुकताच नवा कंपायलर घेतला होता. जुन्या कंपायलरने केलेलं वर्णनही माझ्याकडे होतं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. जुन्यात लिहिलं होतं, या रांगेतला शेवटचा क्रमांक सात. नव्यात लिहिलं होतं, या रांगेतल्या घरांची संख्या आठ.

दोन्ही खरं! दोन्ही एकच रांग. आणि आमचा डीबगर, जो 'चालतंय ना, मग कशाला बदलायचा' म्हणून वर्षानुवर्षं तसाच ठेवलेला, त्याला फक्त शेवटचा क्रमांक ठाऊक होता. संख्या नावाची गोष्ट त्याच्या गावीच नव्हती. त्याने आठ वाचले, तोच शेवटचा क्रमांक आहे असं समजला आणि शून्य ते आठ अशी नऊ घरं बिनदिक्कत काढून मोकळा झाला. नवव्या घरात जे वाढत होतं ते माझ्या रांगेतलं नव्हतंच. ते शेजारचं घड्याळ होतं. यंत्र सुरू झाल्यापासूनचे ठोके मोजणारं, मीच ठेवलेलं, आपलं काम निमूटपणे करणारं घड्याळ.

मला आनंद व्हायला हवा होता. पण असा संताप आला की मी खुर्ची मागे ढकलून ऑफिसच्या बाहेर जाऊन उभी राहिले. समोरच्या कारखान्याची पाळी सुटत होती, माणसं डबे हलवत चालली होती. मला त्यांच्यातल्या प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटत होतं, की एक रांग कुठे संपते एवढं सांगायला या लोकांनी किती पद्धती काढून ठेवल्या आहेत! कुणी शेवटचा क्रमांक सांगतो, कुणी संख्या. पहिला क्रमांक तर बऱ्याचदा सांगतच नाहीत. वाचणाऱ्याने भाषेवरून ओळखायचा, कारण काही भाषा शून्यापासून मोजतात आणि काही एकापासून. रांगेची लांबी प्रोग्रॅम चालू असताना ठरणार असेल, तर वर्णनात आकडा नसतोच. तिथे लिहिलेलं असतं, अमुक जागी जाऊन बघा. आणि त्या जागी जावं, तर कंपायलरने काटकसर करताना ती जागाच काढून टाकलेली असते. कधी कधी हद्दच लिहीत नाहीत. कोऱ्या जागेवरून तुम्ही काय ते समजायचं.

कंपायलरवाल्यांना मी मेल लिहिली. उत्तर अतिशय विनयाने आलं. दोन्ही पद्धती नियमाला धरून आहेत, आपल्या संयमाबद्दल आभार. डीबगरवाल्यांनाही लिहिली. आपण वापरत असलेली आवृत्ती जुनी आहे, आपल्या संयमाबद्दल आभार. माझ्यात संयम आहे असं या दोघांना कुणी सांगितलं कोण जाणे.

देवरे सरांना समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांना दाखवायला हवं होतं. मी अगदी छोटा प्रोग्रॅम लिहिला. तीन घरांची रांग, तिन्हींत आकडे भरलेले, बाकी काही नाही. न शेतकरी, न सेन्सर, न द्राक्षं. सरांना बोलावलं आणि डीबगर चालू केला.

पडद्यावर चार घरं आली.

सर पडद्याजवळ वाकले. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. घरं चारच राहिली.

"म्हणजे तुझं कोड..."

"बरोबर आहे सर."

"ठीक आहे." ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "मग द्राक्षं का गोठली?"

मी त्यांच्यावर चिडले खरी, पण प्रश्न बरोबर होता. इतके दिवस आम्ही सगळे मिळून नसलेल्या घराकडे बघत बसलो होतो आणि असलेल्या आठांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिकडे छायाताईंचा माल मधूनमधून जातच होता. परदेशी पाठवणाऱ्याने त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, आणखी एकदा असं झालं तर तुमच्याकडून उचलणार नाही.

मी छायाताईंना फोन लावला. त्या थंड आवाजात म्हणाल्या, "बोला मॅडम." मी विचारलं, माल नेमका केव्हाचा खराब होतो?

"दुपारचा. सकाळचा भरलेला चांगला ऱ्हातो, त्यो ऊन चढायच्या आत गाडीत जातो. आन् ऊन जितकं कडक, तितका जास्त जातो. म्हणून तर आमचे मालक म्हणतात, ह्ये यंत्रच उफराटं हाय."

बाहेर ऊन वाढलं की आत द्राक्षं गोठतात! आम्ही गेलो होतो सकाळी. मी सरांना म्हटलं, आता दुपारी जायचं.

दुपारच्या शेडमध्ये पत्रा तापून तडतडत होता. मी लॅपटॉप जोडला. या वेळी नवव्या घरावर मी कागदाची पट्टीच चिकटवली. पहिल्या आठांत सात आकडे एकमेकांजवळ होते आणि तिसरा एकटाच खूप वर. तिसरा सेन्सर खोलीत उन्हाळा असल्याचं सांगत होता. त्याच्यामुळे सरासरी चढायची, कंट्रोलरला वाटायचं खोली अजून गरमच आहे, आणि तो कॉम्प्रेसर बंदच करायचा नाही. ऊन जितकं जास्त तितकी आतली द्राक्षं गारठून मरायची.

तिसऱ्या सेन्सरची वायर धरून मी चालत गेले. ती छताखालून दारापाशी आली, प्लास्टिकच्या झिरमिळ्यांच्या पडद्यातून बाहेर पडली आणि दाराच्या चौकटीबाहेर एका खिळ्याला सुतळीने छान गाठ मारून बांधलेली सापडली. सेन्सर खोलीच्या बाहेर, तापलेल्या पत्र्याखाली लोंबत होता.

"ही इथे कुणी बांधली?" देवरे सरांनी आवाज चढवला.

छायाताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अहो साहेब, तुम्हीच ना! पूजेच्या दिवशी फोटू काढताना म्हणले नाय का, ही वायर मधी येतीय, जरा बाजूला घेतो. मी तर सुतळी आणून दिली तुम्हाला."

सरांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांना तो दिवस आठवत असावा: नारळ, हार, पॅनेलशेजारी उभं राहून काढलेला फोटो. त्यांनी एक रिकामं कॅरेट उलटं केलं, त्यावर चढले आणि गाठ सोडायला लागले. गाठ घट्ट होती. मी कात्री पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. नखांनी सोडवत राहिले. मग आत जाऊन सेन्सर त्याच्या जागी टांगून आले.

"छायाताई," ते म्हणाले, "चूक माझी आहे. गेलेल्या मालाचं काय ते आपण बसून बोलू. तुमच्या त्या माल नेणाऱ्याशीही मीच बोलतो."

"ते बोलूच," छायाताई म्हणाल्या. "पण मग त्या दिवशी या मॅडमला कशापायी बोलत होते एवढं, आमच्या समद्यांसमोर?"

सरांनी उलटं केलेलं कॅरेट उचलून जागेवर ठेवलं. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत होते. ती आधीच गुंडाळून झाली होती.

परतताना चांदोरी गाव मागे पडलं. मग सर म्हणाले, "सोमवारी सांगतो सगळ्यांना."

तो हंगाम पुढे नीट गेला. पाठवणाऱ्याने छायाताईंचा उरलेला माल उचलला. सरांनी सरासरीचा हट्ट सोडला आणि कुठलाही एक सेन्सर इतरांहून फार वेगळं बोलायला लागला तर यंत्राने ओरडून सांगायचं, असा बदल मला करू दिला. डीबगरही नवा घेतला. आता नवी मुलं येतात, त्यांच्या पडद्यावर आठची रांग आठच दिसते, आणि त्यांना वाटतं हद्द म्हणजे काय, दिसतेच की डोळ्यांना. मी काही बोलत नाही. दर वर्षी द्राक्षं मात्र छायाताईंकडून पेटीभर येतात. फवारणीबद्दल त्या काही खोटं बोलत नाहीत, धुऊन खा एवढंच सांगतात.

त्या सोमवारी देवरे सर बैठकीला वेळेवर आले. सगळे बसले. सर उभे राहून म्हणाले, "सायखेड्याचा प्रॉब्लेम सुटला. डीबगर जुना होता, आणि साइटवर एक सेन्सर चुकीच्या जागी होता. दोन्ही दुरुस्त केलंय. पुढचा विषय..."

डीबगर जुना होता. सेन्सर चुकीच्या जागी होता. वाक्यं कशी स्वच्छ, माणसं काढून टाकलेली. सगळ्यांनी माना हलवल्या आणि वह्यांची पानं उलटली. कॉलेजातही मी कधी वर्गात हात वर केला नव्हता. पण मी उभी राहिले. खुर्चीचा आवाज झाला, सगळ्यांनी वळून पाहिलं.

"सर, पुढचा विषय थांबवा. या विषयातलं एक वाक्य राहिलंय."

"कोणतं?"

"कोड बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. आणि ते मी लिहिलं होतं."

हे मी जरा मोठ्यानेच बोलले असणार, कारण चहा घेऊन आलेल्या मावशी ट्रेसकट दारातच थबकल्या. सर माझ्याकडे बघत होते. मीही बसले नाही. शेवटी त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं, माझ्याकडून नजर काढून बाकी सगळ्यांकडे वळवली आणि म्हणाले, "बरोबर होतं. आणि सेन्सर चुकीच्या जागी बांधणारा मी होतो."

मग मी बसले.